गाठ ज्याची, मासा त्याचा

९ फेब्रुवारी

दुपारी घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर चढून उभे. कंपवात झालेल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने खुर्चीवर चढायचं नसतं, हे सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडलेत. भिंतीवर टांगलेली त्यांची मासेमारीची काठी ते खाली काढत होते. नाताळात त्यांनीच ती तिथे टांगली होती. "फाउस्तीनो सेपुल्वेदाची मासेमारी संपली," असं तेव्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

"काय चाललंय?"

"दिसत नाही? काठी काढतोय. एकदा जायचंय मला. एक चांगला मासा मिळू दे, मग ही रामिरोकडे पाठवून दे."

रामिरो! माझा भाऊ दूर मेंदोसा शहरात टायर विकतो. कुराल्वे नदी त्याने शेवटची पाहिली तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. मी या नदीवर वीस वर्षं गाइड आहे. बाबांची औषधं, बाबांची खुर्ची, बाबांची कुरकुर, सगळं माझ्याकडे. काठी मात्र रामिरोला! मी खूप बोलले, पण ते सगळं खुर्चीबद्दल. काठीबद्दल तोंडातून शब्द निघाला नाही.

डॉक्टरीणबाई मागच्या महिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "या उन्हाळ्यात पाण्यात उभे राहू शकतील. पुढच्या उन्हाळ्याचं मला विचारू नका." आमच्याकडे उन्हाळा नाताळात येतो, आता तो उतरणीला लागला आहे. म्हणजे आता किंवा कधीच नाही.

१० फेब्रुवारी

विचार करून डोकं उठलं. बाबांचं दोर फेकणं अजून ठीक आहे. काठी हातात आली की थरथर कमी होते, हे मी पाहिलंय. घोडं अडतं ते गाठीपाशी.

या दिवसांत पाणी उतरलेलं असतं, काचेसारखं स्वच्छ. ट्राउट मासे मोठं काही खात नाहीत. सकाळी पाण्यावर पांढऱ्या पंखांची चिलटं मरून पडतात तेवढीच टिपतात. म्हणून आमची माशीही तिळाएवढी, गळावर दोरा गुंडाळून केलेली, आणि तिच्या भोकातून जाणारा धागा केसाएवढा. धडधाकट माणसाची त्रेधा उडते तिथे बाबांची बोटं काय करणार?

आणि गाठ दुसऱ्याने बांधायची नाही. गाठ ज्याची, मासा त्याचा, असा आम्हा हुनीन गावच्या गाइड लोकांचा नियम आहे. गिऱ्हाइकांना तो माहीत नाही, बिचारी मंडळी आपणच मासा पकडला म्हणून फोटो काढून जातात. हंगाम संपला की आम्ही शेळी भाजायला जमतो आणि तिथे जो तो आपले मासे मोजतो. यंदा माझे बोटांपासून कोपरापर्यंतच्या मापाहून लांब इतके, तुझे किती? ते सगळे मासे गिऱ्हाइकांच्या काठीला लागलेले आणि आमच्या गाठीवरचे. भांडण झालं की निवाडा बाबांचा, ते आमच्यातले सगळ्यात जुने गाइड. तीस वर्षं त्यांनी तो केलाय. त्यामुळे ते स्वतः दुसऱ्याच्या गाठीवर मासा पकडतील ही गोष्टच सोडा.

१२ फेब्रुवारी

सापडला!

थोरल्या वळणावर वाळुंजाचं झाड आडवं पडलंय, त्याच्या सावलीत. नाकाचं टोक फक्त वर येतं आणि पाण्यावर इवलासा गोल उमटतो. असा आळशी गोल लहान मासा काढत नाही. बराच वेळ गवतात पालथी पडून पाहिलं. तपकिरी ट्राउट, कोपरापेक्षा चांगला वीतभर लांब.

बुएनोस आयरेसचे दाताचे डॉक्टर बेरुती तेव्हा माझ्यासोबत होते. दरवर्षी येतात, भला माणूस. त्यांना मी म्हटलं, "इथे काही नाही, वर जाऊ." वीस वर्षांत गिऱ्हाइकापासून मी मासा कधी लपवला नव्हता. लहान माशाला मोठा म्हणणं वेगळं, ते तर धंद्यात करावंच लागतं.

संध्याकाळी चिचो भेटला. तोही गाइड, माझ्याच वयाचा, नाक नको तिथे खुपसणारा.

"काय गं ओतिलिया, चेहरा खुललाय. प्रेमात पडलीस की मासा दिसला?"

"तुझं तोंड दिसलं म्हणून हसू आलं."

"म्हणजे मासाच," तो म्हणाला.

१५ फेब्रुवारी

बाबांना घेऊन गेले. सगळं जुळून आलं होतं. वारा नाही, चिलटं ढगासारखी उतरलेली, मासा जागेवर आणि घड्याळ लावल्यासारखा खातोय. मी बाबांना गोट्यांच्या उथळ भागात उभं केलं, मागून त्यांचा पट्टा धरला. त्यांनी माशी काढली, धागा काढला आणि ओवायला लागले.

ओवतच राहिले. धागा भोकाच्या डावीकडून जाई, मग उजवीकडून. एकदा ओवला गेला तर वेढे घेताना सुटला. एक माशी पाण्यात पडली, दुसरी बोटात रुतली. मासा गोल काढतोय, मी पट्टा धरून उभी. नवरा घोड्यावरच बसून राहावा आणि मांडवातली माणसं जेवून उठावीत, तसं झालं. तोंडापर्यंत येत होतं, "द्या इकडे!" पण जीभ चावली. शेवटी गाठ बसली. बाबांनी मान वर केली तेव्हा पाण्यावर एकही चिलट नव्हतं आणि मासाही नव्हता.

मला रडायला येत होतं, आणि बाबा खुशाल काठावर बसून येर्बाचा कडू चहा ओतत होते.

"बस गं जरा, ओती. कसली सकाळ आहे बघ."

"बसायला आलोय का आपण?"

"मग कशाला आलोय?"

मी वरचं वळण बघून आले, खालचं बघून आले. परत आले तरी ते तिथेच, टोपी डोळ्यांवर, एकटेच हसत. एवढा मोठा मासा हातचा गेला त्याचं त्यांना काहीच नाही!

१६ फेब्रुवारी

भिंग आणून दिलं. दोरा ओवायची तार आणून दिली. दोन्ही टेबलाच्या खणात गेली. "मी गारपिटीत उभा राहून गाठी मारल्यात," म्हणाले. तेव्हा हात तुमचे होते, असं मी म्हणाले. म्हणायला नको होतं. रात्री जेवणात दोघंही ब्रेडकडे बघत होतो.

२० फेब्रुवारी

युक्ती सुचली. गाठ नदीवर मारायलाच हवी असं कोण म्हणतं? घरी, टेबलाशी, भरउजेडात मारावी. धाग्यासकट माशी तयार ठेवायची, नदीवर फक्त धाग्याच्या टोकाचा फासा दोराच्या फाशात अडकवायचा. बाबांनी खूप वेळ विचार केला. न्यायाधीशाचा चेहरा करून म्हणाले, "फासा म्हणजे गाठ नव्हे. चालेल."

सगळी दुपार त्यात गेली. मी समोर बसून राहिले तर रागावले, उठून गेले तर हाक मारली. त्यांच्याकडे बघता बघता माझा मसुराचा रस्सा करपला. वेढे ते पाचच घेतात, जन्मभर पाच. मी सात घेते. यावरून मी सोळा वर्षांची असल्यापासून आमचं वाजत आलंय. "सात वेढे घ्यायला मासा वाट बघत नाही," हे त्यांचं. मला त्यांनी कधी हाताला धरून शिकवलं नाही. शिकवलं रामिरोला, मी डबा घेऊन मागे उभी राहून शिकले. म्हणून माझी गाठ माझीच आहे.

चिचो आला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

"ओतीला घाई फार," बाबा त्याला सांगत होते. "नदीलाही म्हणेल, आटप लवकर. पण पाणी वाचावं, मासा कुठे ते ओळखावं, तर तिनेच. रामिरोला सात जन्मांत जमलं नसतं."

माझी घाई चिचोपुढे काढायची काही गरज होती का? पुढचं आपलं लाज झाकायला जोडलं. "पाणी वाचतं" असं ते आमच्या जुन्या खेचरालाही म्हणायचे.

२३ फेब्रुवारी

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

मासा जागेवर होता. बाबांनी तयार माशी अडकवली. पहिली फेक आखूड, दुसरी झकास. फांदीच्या शेजारी माशी अशी उतरली की मीसुद्धा तिला खरं चिलट समजले असते. नाक वर आलं. माशी गेली. बाबा थांबले, माशाने तोंड मिटेपर्यंत थांबावं लागतं, आणि मग अलगद काठी उचलली. काठी वाकली, पाणी फाटलं आणि सगळं सैल पडलं.

मी दोर हातात घेऊन टोक पाहिलं. धागा तुटला असता तर टोक सरळ असतं. हे डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं होतं. याचा अर्थ कुठल्याही गाइडला पाण्याबाहेर न येता कळतो. गाठ सरकली. माशी माशाच्या तोंडात, गाठ नाहीच.

ते टोक मी मुठीत धरलं आणि म्हटलं, "दातांनी कापलं, बाबा. म्हाताऱ्या माशाचे दात फार धारदार."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मुठीकडे.

"हो," ते म्हणाले. "दात."

सुटले बाई. त्यांच्या लक्षात आलं नाही.

२५ फेब्रुवारी

मासा दोन दिवस दिसला नाही. आज परत वर आला. डॉक्टर बेरुतींना आजही वेगळ्या वळणावर नेलं. ते म्हणाले, "ओतिलिया, तुमचं लक्ष नाही यंदा." माफी मागितली.

रामिरोचा फोन आला. मी बोलायला नको तेवढं बोलले. तो म्हणाला, "तूच बांध की गुपचूप. त्यांना काय कळतंय?"

दुरून सल्ले द्यायला काय जातं? टायर नव्हे तो, बदलला आणि झालं. मी फोन ठेवला. तास झाला तरी तेच वाक्य डोक्यात घोंघावतंय. त्यांना काय कळतंय.

२७ फेब्रुवारी

केलं.

बाबा दुपारचे झोपले होते. सगळं हुनीन झोपलं होतं, कुत्रीसुद्धा. टेबलावर त्यांच्या तयार माश्या बुचाच्या तुकड्यात टोचून ठेवलेल्या. कोणतीही गाठ ओढून पाहिल्याशिवाय नदीवर न्यायची नाही, हे आमच्या अंगवळणी पडलंय, म्हणून एक ओढून पाहिली. सुटली. दुसरी ओढली, सुटली. दुपारभर घाम गाळून बांधलेल्या गाठी पिकलेल्या प्लमसारख्या गळून पडत होत्या. मला असं वाईट वाटलं की भिंतीला टेकून उभी राहिले.

मग सगळ्या पुन्हा बांधल्या. पाच वेढे घ्यायचं ठरवलं होतं, पण बोटांना सवय सातची, आणि बाबांच्या जागण्याची धास्ती. बांधून झाल्यावर होत्या तशा टोचून ठेवल्या. शेजारच्या घरात तवा पडला तेव्हा माझा जीव गेला असता.

हे मी त्यांच्यासाठी केलं. त्यांच्यासाठीच केलं. दुसऱ्यांदा लिहिते, म्हणजे पटेल.

१ मार्च

पकडला. पकडला. पकडला!

पहिल्याच फेकीत. काठी वाकली ती वाकलीच. मासा फांद्यांकडे धावला, बाबांनी काठी आडवी करून त्याला वळवला. तो खाली धावला, आम्ही दोघं एका पट्ट्याने बांधल्यासारखे गोट्यांवरून घसरत त्याच्या मागे. माझ्या चपळाईचं सोडा, बाबा! एकोणऐंशीचे बाबा! शिव्या तर अशा देत होते की लानीन डोंगरावरचा बर्फ वितळावा. शेवटी मी जाळं खाली घातलं आणि तो आत आला. पिवळाधमक, लाल ठिपके, खालचा जबडा म्हाताऱ्यासारखा पुढे आलेला.

इथे मासा सोडूनच द्यायचा असतो. बाबांनी त्याला पाण्यातच दोन्ही हातांत धरलं. हात थरथरत होते आणि मासाही थरथरत होता. शेपटीचा एक फटका मारून तो गेला. बाबा ओल्या हातांनी तसेच उभे.

"बघ," ते म्हणाले. "बघितलंस ना?"

मग त्यांनी सवयीने माशी चिमटीत धरली, गाठीवरून नख फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मी जाळं झटकत राहिले. पण त्यांनी माशी टोपीला टोचली आणि विषय संपला. त्यांना एवढं बारीक आता दिसत नाही, हे देवाचे उपकार.

आज मला शांत झोप लागायला हवी.

३ मार्च

लागत नाही.

बाबा गावभर सांगत सुटलेत. बेकरीत, न्हाव्याकडे, पेट्रोलपंपावर. मी सोबत असते, कारण गाडी मी चालवते. ऐकायचंही मलाच आणि मान डोलवायचीही मीच. दर ठिकाणी गोष्ट गाठीपाशी आली की ते बोट वर करतात.

"सात वेढे! या हातांनी! सात वेढ्यांची गाठ कधी दगा देत नाही."

पाच, बाबा. तुमचे पाच असतात. आता विसरायलाही लागले. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं, कंपवातात स्मृती जाते का. न्हाव्याकडे तर हे सांगताना ते आरशातून माझ्याकडेच बघत होते, मी दाद देतेय का म्हणून. मी हसले.

चिचो म्हणाला, "म्हातारबाबा, आयुष्यभर पाच-पाच करत होता, आता सात?"

"माणूस म्हातारपणी शिकतो," बाबा म्हणाले.

४ मार्च

काम नाही, चैन नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखी अंगणातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गाडीशी. दोनदा तेल तपासलं. मासा मिळाला, बाबा खूष, मग मला झालंय काय? नियम म्हणजे आमचा पोरखेळ. शेळी खाताना मारायच्या गप्पा. त्यासाठी कुणी झोप घालवतं का?

पण ते जेव्हा "या हातांनी" म्हणतात तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटतं.

५ मार्च

सांगून टाकलं.

मी पिठाच्या तोर्ता तळत होते. बाबा टेबलाशी. पाठ त्यांच्याकडेच ठेवली, नाहीतर जमलं नसतं.

"बाबा, ती गाठ माझी होती."

तेल तडतडत होतं. मी एक तोर्ता उलटली. मग ते म्हणाले, "चार दिवस सगळ्या गावात ओरडून सांगतोय सात वेढे, सात वेढे. आणखी किती ओरडायला लावणार होतीस?"

मी वळले. हातातला झारा तसाच. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझे हात गेलेत, ओती. डोळे घरी आहेत. आणि नखाला तर डोळेही लागत नाहीत."

मला वाटलं आता हसतील. मीच हसायला लागले होते.

"मासा तुझा," ते म्हणाले. "अभिनंदन. सुंदर होता. त्याचं मला काही नाही." मग त्यांनी टेबलावर हात ठेवला, थरथर थांबवायला दुसरा त्यावर ठेवला. "पण त्या दिवशी मुठीत काय होतं?"

मी झारा खाली ठेवला.

"डुकराची शेपटी. मी पाहिली. आणि तू म्हणालीस, दात. अगं, हे आपण कुणाला सांगतो? गिऱ्हाइकाला सांगतो. पैसे देऊन आलेल्या, काही न कळणाऱ्या माणसाला. त्याचं मन राखायला. पन्नास वर्षं मीही सांगत आलोय. माझ्या मुलीने ते मला सांगावं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून—"

"वाटलंच असतं. माझं होतं ते वाईट. तू का घेतलंस?"

बाबा उठले, काठी घेतली. खुर्चीवर चढले आणि ती भिंतीवर टांगली. मी खुर्ची धरली. तोर्ता जळून कोळसा झाल्या.

८ मार्च

बाबा बोलत नाहीत असं नाही. "मीठ दे" म्हणतात. "कुत्रा बाहेर आहे" म्हणतात. माझ्याशी इतक्या सभ्यपणे ते कधीच वागले नव्हते, आणि ते असह्य आहे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी तिप्पट दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता. वाळुंजाची पानं टोकाला पिवळी पडतायत. चिलटं अजून पडतात, पण मूठभर. आठवडाभराची बात. मग मोठ्या माशांचे दिवस, खोल पाणी, जोरदार ओढ. त्यात बाबांना मी उभं करू शकत नाही.

११ मार्च

डॉक्टर बेरुती आज परत गेले. शेवटच्या दिवशी त्यांना थोरल्या वळणावर नेलं. मासा होता. त्यांनी घाईने काठी उपसली, मासा गेला. त्यांनी विचारलं, "माझं चुकलं का?"

तोंडात तयार होतं, "छे छे, उन्हाने बिचकला." पण म्हटलं, "हो डॉक्टर. तुम्ही लवकर ओढलं." ते म्हणाले, "सतरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच माझी चूक सांगितलीत." रागावले की खूष झाले, कळलं नाही. पुढच्या वर्षाचे दिवस मात्र ठरवून गेले.

१४ मार्च

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

आज माझ्याकडे कुणी गिऱ्हाईक नव्हतं. सकाळी गाडी पुसायला बाहेर आले तर फाटकाबाहेर बाबा उभे. गिऱ्हाइकं जिथे माझी वाट बघत उभी राहतात, अगदी तिथे. पायाशी पिशवी, हातात काठी, गळ्यात तो भयंकर लाल रुमाल जो बुएनोस आयरेसचे लोक घालतात. कुठून मिळवला देव जाणे. खुर्चीवर चढून काठी काढली असणार, पण त्यावर मी काही बोलले नाही.

"नमस्कार गाइडबाई," ते म्हणाले. "मी सेपुल्वेदा. आज मासा नक्की मिळेल ना? मोठा हवा. फोटोत दिसेल असा."

मी गाडीचं दार उघडलं. म्हटलं, "नमस्कार. मासा नदीचा आहे, शब्द मी देत नाही. चला, बसा."

रस्ताभर ते गिऱ्हाइकासारखे बोलत होते. इथे अस्वलं आहेत का? हा लानीन ज्वालामुखी रात्री फुटणार तर नाही ना? गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याने एवढा पकडला, त्याहून मोठा पाहिजे. बसायला उशी नाही का तुमच्या गाडीत? वीस वर्षं मी जे ऐकत आलेय ते सगळं, एकही न गाळता. मी चालवत होते आणि हसू दाबत होते.

नदीवर त्यांनी माशी आणि धागा काढून माझ्यापुढे धरले. या वेळी चेहरा गिऱ्हाइकाचा नव्हता.

"बांध," ते म्हणाले.

मी त्यांच्या डोळ्यांसमोर बांधली. सात वेढे घेतले, थुंकीने ओली केली, ओढली. ते बघत होते, आणि इतक्या वर्षांत माझी गाठ ते पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत होते असं मला वाटलं. "बरी बांधतेस," म्हणाले. "हळू, पण बरी."

चिलटं उशिरा आली. तोवर आम्ही काठावर बसलो. म्हणजे मीही बसले. येर्बाचा पेला दोघांत फिरत होता. पलीकडच्या काठावर कुणाची तरी घोडी पाणी पीत होती. बाबा रामिरोच्या लहानपणीचं काही सांगायला लागले आणि मधेच म्हणाले, "काठी त्याला कशाला? टायर खेचायला?" मी ऐकून घेतलं. इतका वेळ बसले तरी मला उठावंसं वाटलं नाही, याचं कारण थंडी असावी.

मग नाक वर आलं. तोच की दुसरा, सांगता येत नाही. मी पट्टा धरला, बाबांनी फेकलं. पहिल्याच फेकीला वर आला. आणि बाबांनी काठी अशी उपसली, जणू आग लागली होती! माशी माशाच्या तोंडाबाहेर, आमच्या मागच्या झुडपात. पाणी शांत. मासा दिवसभरासाठी गेला.

बाबा वळले. "दात?"

तोंडात "हो" तयार होतं. पण म्हटलं, "नाही. तुम्ही घाई केलीत."

"मी? घाई?"

"तुम्ही. डॉक्टर बेरुतींपेक्षा वाईट. त्यांनी निदान श्वास तरी घेतला होता."

ते मोठ्याने हसले. इतके हसले की मला पट्टा दोन्ही हातांनी धरावा लागला, नाहीतर दोघंही पाण्यात. हसता हसता म्हणाले, "ही गाइड फार तोंडाळ आहे. तक्रार कुणाकडे करायची?"

"तुमच्याकडेच. निवाडा तुम्ही करता."

परत येताना गाडीत टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. मला वाटलं डोळा लागला. फाटक दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा माझ्यासाठी ठेव. पुढच्या वर्षीचा. सकाळच्या वेळा. ते दातवाले डॉक्टर बळकावतील नाहीतर."

पुढच्या वर्षीचा. डॉक्टरीणबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. तो आठवडा गच्च भरलेला असतो असं काहीतरी हसण्यावारी न्यावं, की हो हो म्हणावं?

"बाबा, पुढच्या वर्षी तुम्हाला पाण्यात उभं राहता येईल असं मला वाटत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "मग?"

"मग तुम्ही काठावर बसा. कुठे फेकायचं ते सांगा. फेकेन मी."

"आणि गाठ?"

"माझी."

"आणि मासा?"

"माझा."

त्यांनी गळ्यातला लाल रुमाल सोडला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण लवकर नेशील. तुला सकाळी उठायला उशीर होतो."

मी हो म्हटलं आणि उतरून फाटक उघडलं. तेव्हा मला रडू आलं नाही. आता येतंय.